हिमोग्लोबिन सुधारले, लोहाचे काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. स्त्रियांत त्याहून थोडे कमी. त्यातले सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. काही स्नायूंत आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या विकरांत असते, आणि उरलेले यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत साठवलेले असते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह शरीर वाया जाऊ देत नाही. असे रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून निघून नव्या पेशींत जाते. त्यामुळे अन्नातून रोज जेमतेम एक मिलिग्रॅम शोषले गेले तरी पुरुषाचे भागते. पाळी येण्याच्या वयातील स्त्रीला सव्वा ते दीड मिलिग्रॅम लागते. एका गरोदरपणाची एकूण गरज मात्र सुमारे एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम असते, आणि तिचा मोठा भाग शेवटच्या काही महिन्यांत लागतो.

रक्त गेले की लोह जाते, हा हिशेब सरळ आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे ३५० मिलिलिटर रक्तदान केले की सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडते आणि ते भरून यायला काही महिने लागतात. पाळीत जास्त रक्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यांत शिरणारे अंकुशकृमी, मूळव्याध, जठरातला व्रण ही सगळी त्याच खात्यातली गळती.

लोह कमी होते ते एका ठरावीक क्रमाने, आणि मोजमापाची सारी मेख या क्रमात आहे. बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकीच्या शेतकऱ्याला ज्वारीच्या पेवाचा व्यवहार ठाऊक असतो: पेव रिकामे होत आले तरी घरात काही काळ भाकरी थापली जातेच. लोहाचेही तसेच. आधी साठा आटतो. तेव्हा हिमोग्लोबिन जागेवरच असते आणि बाईला काही वाटतही नाही. साठा संपला की मज्जेला लोहाचा पुरवठा अपुरा पडू लागतो आणि पेशी लोहासाठी भुकेल्या होतात. याही टप्प्यावर हिमोग्लोबिनचा आकडा बऱ्याचदा सामान्य मर्यादेतच असतो. त्यानंतर तो घसरतो, पेशी लहान व फिकट होतात, धाप लागते, जीभ गुळगुळीत होते, नखे चमच्यासारखी खोलगट होतात, माती किंवा खडू खावासा वाटतो. "अंगात रक्त नाही" असे घरात म्हटले जाते ते या तिसऱ्या टप्प्यावर. म्हणजे आजार बराच पुढे गेल्यावर.

आकडा मात्र सर्वत्र मोजला जातो तो हिमोग्लोबिनचाच, कारण तो स्वस्तात मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस वैद्य हेर्मान साली यांनी आणलेल्या पद्धतीने आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कित्येक दशके काम भागवले. बोटातून घेतलेले थोडे रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, ते तपकिरी झाले की शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचे, आणि नळीवरची खूण वाचायची. रंग जुळला की नाही हे ठरवणारा डोळा माणसाचा. सकाळचा उजेड, संध्याकाळचा उजेड, मोजणाऱ्याचा अनुभव यांनी आकडा एखाद्या ग्रॅमने सहज हलत असे. प्रयोगशाळेत त्याच्या जागी रंगमापकावर चालणारी सायनमेटहिमोग्लोबिन पद्धत आली, पुढे स्वयंचलित यंत्रे आली, आणि गावोगावच्या सर्वेक्षणांसाठी हेमोक्यूसारखी हातात मावणारी उपकरणे आली.

सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवल्या आहेत. गरोदर नसलेल्या स्त्रीत डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी, पुरुषात १३ पेक्षा कमी आणि गरोदरपणात ११ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. २०२४ मध्ये संघटनेने या रेषा पुन्हा तपासल्या. गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीसाठी आणि ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी रेषा १०.५ वर आली. त्याच वेळी उंचीचा नियमही बदलला. उंचावर हवा विरळ असल्याने शरीर मुळातच थोडे जास्त हिमोग्लोबिन बनवते, म्हणून मोजलेल्या आकड्यातून काही वजा करावे लागते. पूर्वी ही वजाबाकी हजार मीटरपासून सुरू होई; आता ती ५०० मीटरपासून होते, आणि ५०० ते ९९९ मीटरच्या पट्ट्यासाठी ती ०.४ ग्रॅम आहे. बीदरचे पठार या पट्ट्यात येते. त्यामुळे तिथल्या एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन १२.२ निघाले, तर जुन्या नियमाने ती निरोगी आणि नव्या नियमाने ११.८, म्हणजे रक्तक्षयाची. बाई तीच, रक्तही तेच. अशी रेषा घरोघरच्या मोजणीसाठी उपयोगाची. एका माणसाचा उपचार ठरवताना तिला इतके चिकटून राहण्याचे कारण नाही.

रक्त कोठून घेतले यानेही आकडा बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंब घेतला जात असे. थेंब नीट येत नाही म्हणून बोट दाबले की रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि आकडा बिघडतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात ५४.२ आणि कर्नाटकात ४७.८ टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांत देशाचा आकडा ६७.१ टक्के होता. याउलट २०१६ ते २०१८ दरम्यानच्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचे शिरेतले रक्त घेऊन यंत्रावर तपासले गेले, आणि १ ते ४ वयोगटात रक्तक्षय ४१ टक्के निघाला. दोन सर्वेक्षणांच्या वर्षांत व वयोगटांत थोडा फरक आहे हे धरले, तरी एवढी तफावत निव्वळ आहाराने पडत नाही. तिच्यात टोचण्याच्या पद्धतीचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आता शिरेतल्या रक्तालाच पसंती देते.

हिमोग्लोबिनने रक्तक्षय कळतो, पण तो लोहाअभावी आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी साठा पाहावा लागतो. साठ्याची सर्वांत थेट तपासणी म्हणजे अस्थिमज्जेचा नमुना काढून प्रशियन निळ्या रंगाने रंगवणे. जर्मन वैद्य माक्स पर्ल्स यांची ही पद्धत १८६७ पासूनची. लोहाचे कण निळे दिसतात, साठा संपला असेल तर निळे काहीच दिसत नाही. हाडात सुई घालून केलेली ही ऊतीची तपासणी अचूक आहे, पण दर महिन्याला बाईच्या हाडात सुई घालणे कोणी सुचवणार नाही. १९७२ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफच्या संशोधकांनी रक्तद्रवातले फेरिटिन मोजण्याची पद्धत काढली आणि ही अडचण बरीचशी सुटली. फेरिटिन हे पेशींमध्ये लोह साठवून ठेवणारे प्रथिन. त्याचा अत्यल्प अंश रक्तात येतो, आणि तो साठ्याच्या प्रमाणात असतो. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे शरीरात अंदाजे आठ ते दहा मिलिग्रॅम साठवलेले लोह. अहवालात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे एकक छापलेले असते; आकडा तोच राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांत १२ पेक्षा कमी आणि मोठ्यांत १५ पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे साठा संपला. अनेक डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

फेरिटिनला एक खोड आहे. शरीरात कोठेही दाह असला, ताप असो, क्षय असो वा संधिवात, की साठा रिकामा असूनही ते वाढते. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची तपासणी करतात, आणि दाह असेल तर फेरिटिनची रेषा मुलांसाठी ३० आणि मोठ्यांसाठी ७० धरतात. वर उल्लेख केलेल्या पोषण सर्वेक्षणात दाह जमेस धरूनच फेरिटिन वाचले गेले. निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा होता. १० ते १९ वयाच्या मुलामुलींत रक्तक्षय २८ टक्के, पण लोहाची कमतरता २२ टक्के. १ ते ४ वयाच्या मुलांत हेच आकडे ४१ आणि ३२. किशोरवयीन मुलींत लोह कमी असलेल्या ३१ टक्के, मुलगे १२ टक्के. शिवाय लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरांत जास्त. म्हणजे देशातला बराच रक्तक्षय लोहाखेरीज अन्य कारणांचाही आहे, आणि सरसकट लोहाच्या गोळ्यांनी तो पुरता जाणार नाही.

दाहाला फारसे न जुमानणारा आणखी एक दर्शक आहे: विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राहक. ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन. ते पकडण्यासाठी पेशी आपल्या पृष्ठभागावर ग्राहक उभे करतात. लोह मिळेनासे झाले की ऊती हे ग्राहक वाढवतात आणि त्यांचे तुकडे रक्तात येतात. फेरिटिन साठा सांगते, ग्राहक ऊतींची भूक सांगतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात स्किकने, फ्लॉवर्स व कुक यांनी निरोगी स्वयंसेवकांचे रक्त थोडे थोडे काढून हा क्रम प्रत्यक्ष पाहिला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केला. साठा असेपर्यंत फक्त फेरिटिन घसरत राहिले, ग्राहक स्थिर होते. साठा संपताच ग्राहक चढू लागले. पुढे २००३ मध्ये याच गटाने दोन्हींच्या गुणोत्तरावरून शरीरातले एकूण लोह काढण्याचे सूत्र दिले. उत्तर किलोमागे मिलिग्रॅममध्ये येते. शून्याच्या वर साठा, शून्याच्या खाली ऊतींमधली तूट. ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनातच वापरली जाते.

एरवी तालुक्याच्या गावी हाती असतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद, आणि त्यातही पुष्कळ काही वाचता येते. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार; लोह कमी असेल तर तो ८० च्या खाली जातो. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातली विषमता. लोहाअभावी ती वाढते. पेशी लहान आहेत, पण त्यांची संख्या भरपूर आणि आकार एकसारखा, असे दिसले तर थॅलेसेमियाच्या वाहकतेचा संशय घ्यावा आणि हिमोग्लोबिन ए-२ तपासावे. असा वाहक माणूस वर्षानुवर्षे लोह खात राहतो आणि आकडा मात्र हलत नाही. नुसते 'सीरम आयर्न' तपासून निदान करण्याची पद्धत सोडलेली बरी. ते दिवसाच्या वेळेनुसार आणि आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीनुसारही खालीवर होते. ट्रान्सफेरिनची संपृक्तता १६ टक्क्यांच्या खाली आहे का, हा प्रश्न त्यापेक्षा उपयोगी.

हे सगळे दर्शक एकत्र वापरून सुधारणा मोजल्याचे एक उत्तम उदाहरण मराठी मुलखातच घडले, आणि तेही भाकरीवर. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी दिली गेली. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातले जीयर हास, ज्युलिया फिंकेलस्टाइन आणि मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातल्या शोभा उदिपी, पद्मिनी घुगरे यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलांचे दोन गट केले. एका गटाच्या बाजरीत किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह होते, दुसऱ्याच्या बाजरीत २१ ते ५२. पहिली बाजरी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या आयसीटीपी-८२०३ या वाणातून निवडलेली. हीच पुढे 'धनशक्ती' नावाने २०१२ मध्ये महाराष्ट्रात व नंतर देशभर प्रसारित झाली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही त्या कामात होते.

सुरुवातीला ४१ टक्के मुलांत फेरिटिन १५ च्या खाली होते, पण रक्तक्षय २८ टक्क्यांतच. नुसते हिमोग्लोबिन तपासून ही कमतरता पुरती दिसली नसती. चार महिन्यांनी लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांचे फेरिटिन आणि एकूण लोह दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढले. ज्यांचे लोह मुळात कमी होते त्यांच्यापैकी लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांची सहा महिन्यांत त्या कमतरतेतून बाहेर पडण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६ पट ठरली. गोळी नाही, औषध नाही, रोजच्या ताटातली भाकरी. प्रयोगकर्त्यांनी ग्राहक आणि दाहाचे दर्शकही मोजले होते, त्यामुळे ही वाढ तापाने फुगलेल्या फेरिटिनची नव्हती हे सांगता आले.

भाकरीतले लोह खरोखर अंगी लागते का, हे बेळगावात आणखी बारकाईने पाहिले गेले. भालचंद्र कोडकणी आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या मुलांना खुणेची समस्थानिके वापरून बाजरीचे पदार्थ दिले. समस्थानिक म्हणजे त्याच मूलद्रव्याचा किंचित वेगळ्या वजनाचा अणू. इथे वापरलेले किरणोत्सर्गी नसतात, म्हणून ते बाळालाही देता येतात. साध्या बाजरीतून मुलांच्या अंगी रोज ०.२३ मिलिग्रॅम लोह लागले, समृद्ध बाजरीतून ०.६७. हा अभ्यास २०१३ चा.

बीदर आणि कलबुर्गीच्या ताटात मात्र बाजरीपेक्षा ज्वारी जास्त, आणि सोबत तुरीचे वरण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत ६.४ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे ४. धान्यातल्या लोहाला त्यातल्याच फायटेट या घटकाची आडकाठी असल्याने त्यातला थोडाच भाग शोषला जातो. जेवणासोबत लिंबू, आवळा, पेरू असला तर शोषण वाढते. चहा असला तर घटते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत तरुण स्त्रियांवर समस्थानिकांनीच झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेवणाबरोबरच्या एक-दोन कप चहाने शोषण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. सकाळच्या भाकरीबरोबर चहा घेणाऱ्यांनी तो तासाभराने घेतलेला बरा.

उपचार सुरू झाल्यावर दर्शक परततात ते जवळपास उलट्या क्रमाने. माती-खडू खाण्याची ओढ काही दिवसांतच ओसरते. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, रक्तात वाढलेल्या दिसतात. मज्जा कामाला लागल्याचा हा पहिला पुरावा. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढायला हवे. या काळात आरडीडब्ल्यू तात्पुरता आणखी वाढतो, कारण जुन्या लहान आणि नव्या मोठ्या पेशी एकत्र फिरत असतात. ते बिघडल्याचे लक्षण नाही.

हिमोग्लोबिन पुरते भरून यायला दोन महिने का लागतात, हे साध्या गुणाकाराने कळते. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात सव्वातीन लिटर रक्त धरले आणि हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचे असेल, तर १३० ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने बनवावे लागते, म्हणजे सुमारे ४४० मिलिग्रॅम लोह. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले सहा-सात मिलिग्रॅम अंगी लागले तर साठ ते सत्तर दिवस झाले. इथे हिमोग्लोबिन १२ होते, घरातले खूश होतात आणि गोळ्या बंद होतात. पेव अजून रिकामेच. साठ्यासाठी आणखी दोनतीनशे मिलिग्रॅम हवेत, आणि रक्तक्षय ओसरल्यावर आतडे लोह पूर्वीइतके उचलत नाही. म्हणून हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. सहा महिन्यांत पुन्हा 'रक्त कमी' होणाऱ्या बहुतेक बायकांची गोष्ट या अर्धवट सोडलेल्या तीन महिन्यांची असते. गोळी खाल्ल्यावर शौच काळे होणे, पोट दुखणे, मळमळणे यांनीही गोळ्या सुटतात, आणि आशाताईंना याचा अनुभव कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त आहे.

गोळी दिवसाआड घेण्याच्या सल्ल्यामागे हेप्सिडिन आहे. यकृतात बनणारे हे संप्रेरक आतड्यातून लोह आत येण्याचा मार्ग रोखते. त्याचा शोध २००० च्या सुमारास लागला. लोहाचा मोठा डोस घेतला की ते वाढते आणि सुमारे दिवसभर पुढचे लोह अडवते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की साठा कमी असलेल्या तरुणींत एक दिवस सोडून घेतलेल्या गोळीतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते; पोटाचा त्रासही कमी होऊ शकतो. गरोदरपणात वेळ थोडा असतो. तिथे रोजची गोळी हाच आपल्याकडचा नियम आहे, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय तो बदलू नये. शिरेतून लोह दिले असेल तर फेरिटिन काही आठवडे भ्रामकरीत्या उंच राहते, त्यामुळे लगेच केलेली तपासणी पैसे वाया घालवते. निदान महिना-दोन महिने थांबावे.

महिनाभर नेमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने हलले नाही, तर निदानच पुन्हा पाहावे लागते; कमतरता लोहाची नसून दुसऱ्याच कशाची असू शकते. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांना गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांत मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला. तो यीस्टच्या अर्काने बरा झाला, आणि त्या शोधातून पुढे फोलिक आम्ल हाती आले. आजच्या लाल गोळीत लोहासोबत फोलिक आम्ल असते त्याच्या मुळाशी हे काम आहे. बी-१२ मात्र त्या गोळीत नाही. शाकाहारी घरांत ते वेगळे तपासावे लागते. जंतांचे औषध, थॅलेसेमियाची चाचणी आणि गळतीचा शोध हे त्यानंतरचे टप्पे. पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या बाईत फेरिटिन कमी निघाले, तर त्यांना नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये. पोटातून कोठे रक्त जाते आहे का, हे दुर्बिणीने पाहून घेणे आवश्यक असते. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी हीच असते.